वर्धा नदीच्या दोन तीरांचा प्रांत : मध्यप्रांत व वऱ्हाडाचा कारभार कसा चालत असे

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी पुलगाव सोडते, वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि धामणगावच्या बाजूला उतरते. आज या प्रवासात वर्धा जिल्हा संपून अमरावती जिल्हा सुरू होतो, इतकाच काय तो फरक. शंभर वर्षांपूर्वी मात्र त्या पुलाच्या दोन टोकांना जमिनीचा कायदा वेगळा होता, गावचा सारा गोळा करणारा माणूस वेगळा होता आणि कागदोपत्री पाहिले तर सार्वभौम सत्तासुद्धा वेगळी होती. पूर्व तीरावरचे गाव ब्रिटिश हिंदुस्थानात होते, तर पश्चिम तीरावरचे गाव हैदराबादच्या निजामाच्या मुलखात मोडत होते आणि ब्रिटिशांकडे त्याचा केवळ कारभार होता. तरीही दोन्ही गावांचा गव्हर्नर एकच, सचिवालय एकच आणि पुढे विधिमंडळही एकच होते, आणि ते सारे नागपुरात होते.

या प्रांताचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड. इंग्रजी आद्याक्षरांवरून आमच्याकडील जुनी माणसे त्याला ‘सी. पी. अँड बेरार’ म्हणत आणि विदर्भात ते शब्द अजूनही कानावर येतात. १९४१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६८ लाख होती. हिंदी आणि मराठी या त्याच्या दोन मुख्य भाषा, आणि गोंडी, कोरकू, छत्तीसगढी बोलणारा मोठा समाज त्याच्या पोटात होता. त्याच्या कारभाराविषयी लिहिताना गव्हर्नरांची यादी आणि कायद्यांची वर्षे देऊन थांबण्याची पद्धत आहे. त्या यादीतून हा प्रांत कळत नाही. नावातला ‘व’ हा एका अक्षराचा शब्द या सगळ्या व्यवस्थेची किल्ली आहे, असे मला अभ्यासाअंती वाटते. तो ‘व’ म्हणजे दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांना घातलेली शिवण होती आणि प्रांताच्या कारभारातल्या बहुतेक विलक्षण गोष्टी त्या शिवणीपाशीच सापडतात.

दोन तुकडे कोठून आले

वर्धा नदी ही सीमा इंग्रजांनी प्रथम आखली ती १८०३ साली. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पराभव झाल्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडला आणि तो मुलूख निजामाकडे गेला. त्याआधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले या दोघांचा अंमल एकाच वेळी चालत असे आणि महसुलाची वाटणी होत असे. लोक या स्थितीला ‘दुअंमल’ म्हणत. १८०३ नंतर तो दुअंमल संपला खरा, पण वऱ्हाडाच्या नशिबातली दुहेरी मालकी पुढे वेगळ्या रूपाने परत आली.

नदीच्या पूर्वेकडील कथा तुलनेने सरळ आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्राविना वारले आणि लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा वारसा नाकारून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. उत्तरेकडे सागर आणि नर्मदा खोऱ्याचा प्रदेश १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे आलेलाच होता. हे दोन्ही प्रदेश मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या सर्व इलाख्यांच्या राजधान्यांपासून दूर होते आणि तेथवर रस्तेही धड नव्हते. म्हणून २ नोव्हेंबर १८६१ च्या ठरावाने ते एकत्र करून मध्यप्रांत हा नवा प्रांत बनवण्यात आला. त्याचा प्रमुख गव्हर्नर नव्हता. तो चीफ कमिशनर होता आणि थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली काम करी. रिचर्ड टेंपल याची १८६२ पासूनची कारकीर्द या प्रांताची घडी बसवणारी ठरली.

वऱ्हाडाची कथा मात्र कर्जाची आहे. निजामाच्या खर्चाने ठेवलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत होती आणि तिचा पगार थकत गेला. ही थकबाकी पुढे करून डलहौसीने १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब हे प्रदेश लावून घेतले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत गेले, सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले आणि वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. खर्च वजा जाता उरेल तो वाढावा निजामाला द्यावयाचा, अशी अट होती. या काळात वऱ्हाडाला ‘हैदराबाद लावून दिलेले जिल्हे’ असे अवघडलेले सरकारी नाव होते आणि त्याचा कारभार नागपूरहून न चालता हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीमार्फत चाले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी हा मुलूख परत मिळवण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, पण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे जगभर कापसाची टंचाई झाली होती, वऱ्हाडची काळी जमीन कापसाने फुलत होती आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली होती. असा मुलूख कोण परत देणार?

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या ठरीव रकमेवर कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताला जोडले. सार्वभौमत्व निजामाचे, ताबा आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही मांडणी होती. शेत बटाईने वाहणाऱ्या किंवा मक्त्याने घेणाऱ्या माणसाला ती चटकन समजेल, कारण जमीन एकाच्या नावावर आणि वहिती दुसऱ्याची हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. फरक इतकाच की येथे शेताच्या जागी सहा जिल्हे होते.

एकच कचेरी, दोन कायदे

या मांडणीचे परिणाम रोजच्या कारभारात कसे उतरत, हे पाहण्यासारखे आहे. कायदेशीर दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाहेरचा मुलूख होता. त्यामुळे कलकत्त्याला किंवा दिल्लीला संमत झालेला कायदा वर्धा, नागपूर, भंडारा येथे आपोआप लागू होई, पण अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ येथे तो लागू करण्यासाठी परकीय मुलखातील अधिकारक्षेत्राविषयीच्या तरतुदीखाली स्वतंत्र अधिसूचना काढावी लागे.

विधिमंडळात तर ही अडचण आणखी ठळकपणे दिसे. प्रांतांना मंत्री व मोठी विधिमंडळे देणाऱ्या १९१९ च्या कायद्यानंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचेही प्रतिनिधी हवे होते, पण परकीय मुलखातील मतदारसंघातून ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात सभासद निवडून येणार कसा? त्यावर तोड काढण्यात आली ती अशी, की वऱ्हाडात रीतसर निवडणूक व्हायची, मते मोजली जायची, आणि जो निवडून येईल त्याला गव्हर्नरने ‘नेमायचे’. लोकांच्या दृष्टीने तो निवडून आलेला सभासद होता आणि कायद्याच्या दृष्टीने सरकारनियुक्त.

निजाम उस्मान अली खान यांनी १९२० च्या दशकात वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना दिलेले उत्तर संस्थानी राजकारणात गाजले, कारण ब्रिटिश सत्तेचे सर्वश्रेष्ठत्व कोणत्याही तहावर अवलंबून नाही, असे त्यात रोखठोक बजावले होते. परंतु दहा वर्षांनी, प्रांतांना स्वायत्तता देणारा १९३५ चा नवा कायदा अमलात आणताना, इंग्रजांना निजामाची संमती हवी होती आणि सूर बदलला. ऑक्टोबर १९३६ च्या करारात वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, ब्रिटिश निशाणाबरोबर त्यांचे निशाण तेथे फडकावण्यास मान्यता मिळाली आणि त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. २५ लाख रुपये चालू राहिले. मोबदल्यात दोन्ही तुकडे एकाच गव्हर्नरच्या प्रांतासारखे चालवण्याची कायदेशीर सोय १९३५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमात झाली.

त्याच कायद्यातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. या प्रांताच्या गव्हर्नरवर एक खास जबाबदारी टाकलेली होती : प्रांताच्या महसुलातील रास्त हिस्सा वऱ्हाडासाठी खर्च होतो की नाही, हे त्याने पाहायचे. वऱ्हाड कापसामुळे पैसा मिळवून देतो आणि तो पैसा नदीपलीकडे खर्च होतो, ही वऱ्हाडातील तक्रार १९०३ पासूनची होती. प्रादेशिक निधीवाटपाचा वाद आपण आज ज्या भाषेत करतो, त्या वादाला थेट घटनात्मक कायद्यात जागा मिळाल्याचे हे उदाहरण स्वातंत्र्यापूर्वीचे आहे.

नागपूरपासून गावापर्यंत

मध्यप्रांत हा ‘नॉन-रेग्युलेशन’ म्हणजे बंगाल-मुंबईचे जुने नियम जसेच्या तसे लागू नसलेला प्रांत होता. नव्याने जिंकलेल्या, वस्ती विरळ असलेल्या मुलखात अधिकाऱ्याला मोकळीक द्यावी आणि कारभार थोड्या माणसांत चालवावा, असा त्यामागचा विचार होता. म्हणून येथे जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर न म्हणता डेप्युटी कमिशनर म्हणत. प्रारंभीच्या काळात सारा वसूल करणे, फौजदारी खटले चालवणे आणि दिवाणी दाव्यांचा निकाल देणे ही सारी कामे त्याच्या व त्याच्या हाताखालच्यांच्या एकाच कचेरीत होत. मुलकी आणि न्यायिक कामे हळूहळू वेगळी होत गेली, पण प्रांताला स्वतःचे उच्च न्यायालय फार उशिरा मिळाले. ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाच्या जागी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले ते ९ जानेवारी १९३६ रोजी.

डेप्युटी कमिशनरच्या वर विभागाचा कमिशनर असे. नागपूर, जबलपूर, नर्मदा आणि छत्तीसगढ हे मध्यप्रांताचे विभाग आणि वऱ्हाडाचा स्वतंत्र विभाग अमरावतीला. वऱ्हाडात आधी सहा जिल्हे होते. १९०५ च्या फेररचनेत एलिचपूर म्हणजे अचलपूर आणि वाशीम हे जिल्हे मोडले, वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि चार उरले. डेप्युटी कमिशनरच्या खाली तहसीलदार होता. मध्यप्रांतात त्याच्या क्षेत्राला तहसील म्हणत, तर वऱ्हाडात, मुंबईच्या पद्धतीला धरून, तालुका. उन्हाळ्यात प्रांताचे सरकार पचमढीला जाई. वऱ्हाडचे साहेब लोक चिखलदऱ्याला जात.

या साखळीच्या बाहेर दोन प्रकारचे मुलूख होते. एक, बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागढ यांसारखी १५ संस्थाने. त्यांच्यावर प्रांतिक सरकारची देखरेख होती, ती १९३३ मध्ये काढून त्यांना वेगळ्या एजन्सीखाली नेण्यात आले. दुसरा, चांदा म्हणजे जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातील अहेरीसारख्या जमीनदाऱ्या आणि अमरावतीचा मेळघाट तालुका, ज्यांना १९३५ च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवले. तेथे विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या आदेशाशिवाय लागू होत नसे. आदिवासींचे रक्षण हे कारण सांगितले गेले, आणि ते काही अंशी खरेही होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की ज्यांच्या जंगलावर सरकारने सर्वांत आधी ताबा बसवला, त्यांनाच निर्वाचित विधिमंडळाच्या थेट आवाक्याबाहेर ठेवले गेले.

मालगुजार आणि रयत

सामान्य माणसाला सरकार भेटे ते जमिनीच्या निमित्ताने, आणि येथे नदीच्या दोन तीरांतला फरक सर्वांत खोल होता.

भोसल्यांच्या काळात मध्यप्रांताच्या गावांत पाटील किंवा मक्तेदार सारा गोळा करून सरकारात भरी. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८६० च्या दशकातील जमाबंदीत, म्हणजे सारा ठरवण्याच्या कामात, इंग्रज अधिकाऱ्यांनी वायव्य प्रांतातील (आजच्या उत्तर प्रदेशातील) नमुना डोळ्यांपुढे ठेवून या वसुलदारांना गावाचे मालक ठरवले. ही झाली मालगुजारी पद्धत. मालगुजार सरकारला गावाचा ठरीव सारा देई आणि कुळांकडून खंड घेई. त्याची स्वतःची जमीन ‘सीर’ व ‘खुदकाश्त’ म्हणून नोंदली जाई. गावाचे हिस्सेदार अनेक असले की त्यांच्यातर्फे सरकारशी व्यवहार करणारा ‘लंबरदार’ ठरे, आणि गावात आपल्या तुकड्याची पूर्ण मालकी असलेला शेतकरी ‘मालिक मकबुजा’ म्हणवला जाई. मालकी एका रात्रीत वसुलदाराच्या हाती गेल्याने कुळे उघड्यावर पडण्याचा धोका होता आणि तो ध्यानात घेऊन कायद्याने जुन्या कुळांना कायम वहिवाटीचे हक्क दिले. त्यांचा खंडही जमाबंदी अधिकारीच ठरवून देई. सरकारने मालक निर्माण केला आणि मग त्याच्यापासून कुळाला वाचवण्यासाठी पुढची पन्नास-साठ वर्षे कायदे केले, असे या पद्धतीचे थोडक्यात वर्णन करता येईल. मालकी आली तशी ती गहाण ठेवण्याची मुभाही आली आणि कितीतरी गावे सावकारांच्या घरात गेली.

गावात नुसती शेती नसते. सरपण, चराई, गुरांचे पाणी, स्मशान, घर बांधायला लागणारे लाकूड या सगळ्यांवरच्या गावकऱ्यांच्या हक्काला आमच्या भागात ‘निस्तार’ म्हणतात. हे हक्क आणि गावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहून घेतल्या जात. ज्या काळी गावाची पडीक जमीन, झुडपी जंगल आणि तळी मालगुजाराच्या मालकीची ठरली, त्या काळी गावकऱ्यांच्या हातात तो कागद हाच आधार होता. मराठी वाचकांनी या कागदाकडे जितके लक्ष द्यायला हवे होते, तितके आपण दिलेले नाही.

नदीच्या पश्चिमेला हा मधला माणूस नव्हता. वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, शेताशेताला नंबर पडला आणि प्रत्येक कास्तकार थेट सरकारला सारा देऊ लागला. ही रयतवारी. गावात वतनदार पाटील आणि पटवारी वसुलीचे आणि दप्तराचे काम पाहत, पण ते गावाचे मालक नव्हते. जमीन विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क रयतेला होता, आणि कापसाच्या तेजीमंदीत तो हक्कच तिच्या गळ्याशी आला. अमरावती आणि खामगावच्या बाजारात भाव पडला, की त्याचा फटका मालगुजाराच्या आडोशाशिवाय थेट कास्तकाराला बसे. कोणती पद्धत बरी होती, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझे मत वऱ्हाडच्या बाजूने आहे, कारण तेथे निदान सातबाऱ्याच्या पूर्वजात शेतकऱ्याचे स्वतःचे नाव होते.

जंगलाबाबत मात्र दोन्ही तीर सारखेच भरडले गेले. राखीव जंगलात गवत कापायलाही परवाना लागू लागला, आणि म्हणूनच मीठ पिकवायला समुद्र नसलेल्या या प्रांताने १९३० च्या सविनय कायदेभंगात जंगल सत्याग्रह केला. जुलै १९३० मध्ये पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलाचा कायदा मोडला. त्यामागे निस्ताराची तीच जुनी वेदना होती.

मंत्री आले, पण कोणत्या अधिकाराने

१९१९ च्या कायद्याने प्रांताला गव्हर्नर मिळाला. फ्रँक स्लाय हे पहिले. कारभाराची खाती दोन गटांत विभागली गेली. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती निर्वाचित सभासदांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे, आणि जमीनमहसूल, पोलीस, न्याय, जंगल, अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. याला द्विदल राज्यपद्धती म्हणतात. शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हा तिच्यातला मूळ दोष होता.

तो दोष उघडा पाडण्याचे काम या प्रांताने सर्वांत स्पष्टपणे केले. १९२३ च्या निवडणुकीत, विधिमंडळात शिरून सरकारची अडवणूक करू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाला येथे बहुमत मिळाले. त्यांनी मंत्रिपदे नाकारली, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून ठेवले. मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले आणि गव्हर्नरने सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. पण १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे स्वराज्य पक्षाचेच आणि कौन्सिलाचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. त्यावरून पक्षात मोठे वादळ उठले आणि प्रतिसहकाराचा, म्हणजे सोयीचे तेथे सरकारशी सहकार्य करावे असे म्हणणारा गट वेगळा झाला. हेच तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली. ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले आणि जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. मंत्रिमंडळात मराठी आणि हिंदी भागांतील नेत्यांची ओढाताण पहिल्या दिवसापासून होती. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी स्वतः राजीनामा देऊन सहकाऱ्यांनाही राजीनामे द्यायला सांगितले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागाच्या मंत्र्यांनी पक्षाच्या आदेशाशिवाय ते देण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर वायली यांनी त्यांना पदावरून दूर केले आणि खरे यांचे नवे मंत्रिमंडळ बसवले. काँग्रेस श्रेष्ठींनी खरे यांना काही दिवसांतच पायउतार व्हायला लावले आणि शुक्ल मुख्य प्रधान झाले.

या प्रकरणाची चर्चा आजवर व्यक्तींच्या भांडणाभोवती फिरत आली आहे. कारभाराच्या दृष्टीने त्यातील मुद्दा वेगळा आहे. मंत्री कोणाला उत्तरदायी होते? कायद्याच्या लेखी त्यांना नेमणारा आणि काढणारा गव्हर्नर होता, संसदीय संकेतानुसार मुख्य प्रधान होता, आणि प्रत्यक्षात वर्ध्याला बैठक घेणारी काँग्रेसची कार्यकारिणी होती. तीन मालक असलेल्या मंत्र्याने कोणाचे ऐकावे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसने आपल्या सर्व प्रांतांत सत्ता सोडली आणि १९४६ पर्यंत कारभार गव्हर्नरकडे राहिला.

शिवण उसवली

१९४६ मध्ये शुक्ल पुन्हा मुख्य प्रधान झाले. त्यांच्या सरकारचा एक प्रयोग आज विस्मरणात गेला आहे. १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने जिल्हा कौन्सिले मोडून तहसील किंवा तालुका हा स्थानिक स्वराज्याचा पाया ठरवला आणि तेथे ‘जनपद सभा’ स्थापन केल्या. सत्ता लोकांच्या जवळ न्यावी आणि मुलकी कारभार व लोकनियुक्त संस्था यांची सांगड घालावी, हा द्वारकाप्रसाद मिश्र यांचा विचार होता. पैसा अपुरा पडला आणि अधिकारी वर्ग मनापासून उतरला नाही, तरी तालुका हा लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा टप्पा असतो हे त्यांनी अचूक हेरले होते. विदर्भातील जनपद सभा १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर संपल्या.

१९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली आणि निजामाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न इतिहासजमा झाला. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मालगुजारांची गावठाणे, पडीक जमिनी, जंगले आणि तळी सरकारजमा झाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील ‘मामा तलाव’ म्हणजे हेच ‘माजी मालगुजारी तलाव’. धानाच्या शेतीसाठी बांधलेल्या या तळ्यांचा गाळ काढणे, पाळ बांधणे, पाणी वाटणे ही कामे पूर्वी मालगुजार आणि गाव मिळून करीत. मालकी गेली तेव्हा ती जबाबदारी कोणाची, हे नीट ठरले नाही, आणि त्याची किंमत हजारो तळी गाळाने भरून मोजावी लागली.

भाषेच्या बाबतीत या प्रांताचे गणित साधे होते. १४ हिंदी जिल्हे आणि ८ मराठी जिल्हे, त्यांतले चार वर्धेच्या अलीकडचे आणि चार पलीकडचे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १९५३ च्या नागपूर कराराच्या पार्श्वभूमीवर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. प्रांताच्या विधिमंडळासाठी बांधलेल्या इमारतीत आता महाराष्ट्राचे हिवाळी अधिवेशन भरते.

सीमा बदलल्या तरी दप्तर बदलायला आणखी वेळ लागला. विदर्भात जमिनीचा कारभार १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेनेच चालत राहिला आणि १५ ऑगस्ट १९६७ रोजी महाराष्ट्राची संहिता लागू होईपर्यंत तो तसाच चालला. त्या जुन्या संहितेने मालगुजारी आणि रयतवारी यांतली जुनी नावे मिटवून शेतकऱ्यांना ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ अशी दोन नवी नावे दिली होती. नागपूर किंवा अमरावतीकडच्या एखाद्या जुन्या सातबाऱ्यावर आजही ‘भूमिस्वामी’ हा शब्द दिसतो, तो त्या नावांचा अवशेष आहे. पुलगावचे कूळ आणि धामणगावची रयत जमिनीच्या एकाच कायद्याखाली आली, ते त्या संहितेने घडवले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा तो प्रांत नकाशावरून गेला.